अर्ध्या मिनिटाचे वळवी सर

गेल्या आठवड्यात वळवी सर पुन्हा माझ्या मोबाइलवर आले. सरांना जाऊन दोन पावसाळे झाले, तरी ते असे अधूनमधून येतात. कधी नात्यातल्या लग्नाच्या ग्रुपवर, कधी बियाण्यांच्या दुकानदाराच्या ग्रुपवर. खाली हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे छोटे हात. वर कोणीतरी लिहिलेलं असतं, 'भूगोलाच्या गुरुजींनी सत्य सांगून टाकलं.' व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा. पांढरा हाफ शर्ट, खिशाला निळं पेन, आवाज चढलेला. मी तो उघडत नाही. मला तो पाठ आहे.

तळोद्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची आणि जालमसिंग वळवी सर भूगोल. सर सातपुड्यातले. त्यांचा पाडा इतका वर की जीप सोडल्यावरही बरंच चालावं लागे. मी कळसाडीची, सपाटीवरची, गुजर घरातली. म्हणून ते मला पहिल्या दिवसापासून 'बेन' म्हणायचे. आमच्या घरी बहिणीला म्हणतात तसंच, पण त्यांच्या तोंडी त्या शब्दाला जरा थट्टेची कड असायची.

सर बुटके, रुंद खांद्यांचे. चालताना हात मागे बांधलेले. फळ्यावर कुठलाही नकाशा काढायचा असला, अगदी आफ्रिकेचा का असेना, तरी आधी कोपऱ्यात सातपुड्याची एक रेघ ओढायचे. "आधी आपण कुठे उभे आहोत ते कळू द्या, मग दुसऱ्याच्या घरात जाऊ." वर्गातला पंखा बंद करायचे, कारण त्याच्या खडखडाटात मागच्या बाकाला ऐकू जात नसे. डब्यात ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ. ती डाळ त्यांनी कधी एकट्याने खाल्ली नाही. कोणी वाद घालायला आलं की शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हां, मग?" समोरच्याने पुढचा मुद्दा मांडला की पुन्हा, "हां, मग?" तिसऱ्या वेळी माणूस आपोआप थकायचा. मी तर कितीदा थकले.

आमचा वाद एकाच गोष्टीवरून होता. पुस्तकात हवामान बदलाचा धडा होता. सर तो धडा इमानेइतबारे शिकवायचे, मुद्दे लिहून द्यायचे, आकृती काढायचे. मग खडू ठेवून सांगायचे, "परीक्षेत हेच लिहा. पूर्ण मार्क मिळतील. आता पुस्तकं मिटा." आणि पुस्तकं मिटल्यावर पाऊस कसा रुसतो, कुठल्या डोंगराआड दडून बसतो, म्हातारे त्याला कसे मनवून आणत, हे सांगायचे. पुढचा तास माझा. मी कार्बन डायऑक्साइडवर बोलायला लागले की मुली हात वर करत.

"मॅडम, पण वळवी सर तर म्हणतात, माणसाने काही होत नाही."

मी शिक्षकखोलीत भांडायला जाई. वर्तमानपत्रांची कात्रणं, आलेख, काय काय घेऊन जाई. सर चष्मा लावून सगळं नीट वाचायचे. मग कागद घडी करून परत द्यायचे.

"यात लिहिलंय, मानवामुळे. मानव म्हणजे कोण, बेन?"

"म्हणजे माणसं. आपण सगळे."

"आपण सगळे नसतं कधी. ग्रामपंचायतीच्या नळालासुद्धा आपण सगळे नसतो. नाव सांगा."

मला तेव्हा हे शब्दांचे खेळ वाटायचे. इतका शिकलेला माणूस, स्वतःच्या गावचा झरा होळीआधी आटतो हे स्वतःच्या तोंडाने सांगणारा, आणि तरी म्हणतो, "रुसलाय. येईल." पुढे पुढे मी वाद घालणं कमी केलं. रोज एकाच दारावर डोकं आपटायला माणसाला ताकद लागते.

मग नंदुरबारचं ते प्रशिक्षण झालं.

जिल्ह्यातले विज्ञान-भूगोलाचे शिक्षक बोलावले होते. मंगल कार्यालयाचा हॉल, खिडक्या बंद, आत एसी. जवळच्या मैदानावर मिरची वाळत घातलेली होती. दार उघडलं की ठसका आत येई आणि सगळा हॉल खोकायचा. बाहेरगावहून आलेले एक तज्ज्ञ पडद्यावर चित्रं दाखवत होते. सज्जन माणूस होता. वितळणारा बर्फ दाखवला, तडकलेली जमीन दाखवली. मग एक चित्र आलं. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली, अनवाणी, कंबरेला फडकं खोचलेली एक बाई. चित्राखाली लिहिलं होतं, 'मानवी हस्तक्षेप.'

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. वळवी सर उभे राहिले होते.

"साहेब, ही बाई कोण?"

"हे प्रतीकात्मक आहे, सर."

"नाव नाही तिला?"

हॉलमध्ये थोडं हसू झालं. तज्ज्ञही हसले. "सर, मुद्दा असा आहे की मानवामुळे..."

"कोणत्या मानवामुळे? ही मोळी नेते त्यामुळे बर्फ वितळला? हा हॉल गार करायला काय जाळलं, त्याचं चित्र कुठंय?"

आता हसू मोठं झालं. तज्ज्ञांनी पुढचं चित्र आणलं. ती बाई पडद्यावरून गेली. सर मात्र बसले नाहीत. त्यांचा आवाज असा फाटलेला मी कधीच ऐकला नव्हता.

"सगळी हयात भूगोल शिकवतोय मी. माणसामुळे हवामान बदलतं, हे थोतांड आहे! पाऊस कोणाच्या बापाचा नोकर नाही. तो त्याच्या मर्जीने येतो, त्याच्या मर्जीने जातो. गरिबाला घाबरवायचे धंदे बंद करा!"

टाळ्या पडल्या. अशा जागी टाळ्या पडतातच, लोक कंटाळलेले असतात. मागच्या रांगेतून कोणीतरी मोबाइल धरला होता. त्याने उशिरा धरला. मोळीवाली बाई त्यात नाही, गार हॉल नाही. 'सगळी हयात भूगोल' पासून 'त्याच्या मर्जीने जातो' पर्यंत, एवढंच.

त्या रविवारी मी कळसाडीला गेले, तर आमच्या ओट्यावर दादाच्या भोवती चार-पाच माणसं वाकलेली. घरात आमची गुजरी, पण चारचौघांत दादा अहिराणीच बोलतो. मला बघून त्याने मोबाइल उंच केला.

"देख, तुन्हाच शाळाना गुरुजी काय सांगी ऱ्हायना! आते बोल!"

दादाचा ऊस आहे, केळी आहे, दर दोन-तीन वर्षांनी बोअर आणखी खोल न्यावा लागतो. मी त्याला पाणी कुठे चाललंय म्हणून विचारलं की तो वैतागतो. त्या दिवशी मात्र खुशीत होता. "पानी कमी-जास्ती व्हवाऊच शे. मानूसना काय संबंध?" ओट्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मला ओळखीचा वाटला. दवाखान्यात रिपोर्ट चांगला आल्यावर माणसं अशीच सैलावतात.

सर प्रसिद्ध झाले. खोटं कशाला बोलू, त्यांना ते आवडलं. एसटीत लोक जागा देत. शहाद्याकडच्या एका गावाने सत्काराला बोलावलं. शाल, श्रीफळ, बैठकीवर पांढरी चादर. मलाही बरोबर नेलं होतं. सरांनी माइक हातात घेतला आणि त्या मोळीवाल्या बाईपासून सुरुवात केली. लोक चुळबुळ करू लागले. एक कार्यकर्ता वाकून कानात म्हणाला, "गुरुजी, ते व्हिडिओमधलं बोला ना. तेवढंच." सर थांबले. मग तेवढंच बोलले. टाळ्या झाल्या. परतताना एसटीत शाल त्यांच्या मांडीवर होती आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

"यांना माझं बोलणं नको होतं, बेन. यांना फक्त माझा आवाज पाहिजे होता."

"मग सांगा ना त्यांना."

"हां, मग?" ते म्हणाले. पण या वेळी मला थकवण्यासाठी नाही. ते खरंच विचारत होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात जेमाबाई आल्या. सरांच्या थोरल्या बहीण. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दारात उभ्या. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. पाणी दिलं, ते घेतलं नाही. त्या त्यांच्या बोलीत बोलत होत्या. मला शब्द कळत नव्हते, पण सरांची मान खाली जाताना दिसत होती.

झालं होतं ते असं. वरच्या पाड्यांतले लोक पाण्याच्या टाक्या मागायला तळोद्याला सभेत आले होते. झरे आटलेत, पेरणी दोनदा करावी लागते, पाऊस येतो पण ओळखीचा राहिला नाही, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा समोर बसलेल्या एका पुढाऱ्याने खिशातून मोबाइल काढून माइकला लावला. सरांचा आवाज सभाभर घुमला. पाऊस त्याच्या मर्जीने येतो, त्याच्या मर्जीने जातो. "तुमचेच गुरुजी सांगतात, काही बदललेलं नाही," पुढारी म्हणाला. "एक वर्ष कमी, एक वर्ष जास्त. थोडा धीर धरा." सभेतले बाकीचे लोक हसले आणि विषय संपला.

जेमाबाईंना सगळं मराठी समजत नव्हतं. पण भावाचा आवाज समजला. त्याच्या आवाजानंतर लोक हसले हे समजलं. आणि टाक्या मिळाल्या नाहीत, हेही. एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. 'त्या डब्यातून तू आमच्याविरुद्ध काय बोललास?'

सरांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. त्या ऐकून गेल्या. जाताना भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, ते मला जास्त लागलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

शाळा सुटल्यावर सर पटांगणातल्या कडुनिंबाच्या पाराजवळ बसून होते. मी घरी जायला निघाले होते, त्यांनी हाक मारली. मग त्यांनी बापाची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सर लहान असताना एका वर्षी पाऊस फारच कमी झाला. बाप सरपणाला गेला होता. वाटेत गणवेशातल्या कोणा माणसाने त्याला धरलं, कुऱ्हाड काढून घेतली आणि चार लोकांसमोर सांगितलं, "तुम्ही झाडं तोडता म्हणून पाऊस पळाला. तुमच्या पोरांच्या तोंडचं पाणी तुम्हीच पळवलंत." त्याच आठवड्यात घाटातून सागाचे ट्रक खाली जात होते, ते सगळ्या पाड्याने पाहिले. बाकीच्यांनी त्या माणसाला शिव्या दिल्या आणि विसरले. सरांच्या बापाने मात्र ते खरं धरलं. थंडीत अंगणात शेकोटी पेटली की तो उठून लांब जाऊन बसे. पाऊस लांबला की कोणाशी बोलत नसे.

"मरेपर्यंत, बेन. माझा बाप मरेपर्यंत स्वतःला पावसाचा गुन्हेगार समजत होता. शेवटी शेवटी भ्रम झाला होता, तेव्हा आभाळाकडे बघून हात जोडायचा. मी शाळेत पुस्तक उघडलं, त्यात लिहिलेलं, मानवामुळे. मला त्या गणवेशवाल्याचाच आवाज आला. मी कसं हो म्हणू? हो म्हटलं की माझा बाप गुन्हेगार."

मग ते माझ्याकडे वळले.

"आता खरं सांगा. विज्ञान म्हणून सांगा. आमच्या चुलीमुळे किती?"

"तुमच्या पाड्याचा वाटा मोजायला घेतला तर हाती काही लागणार नाही, सर. कोळसा, कारखाने, गाड्या, विमानं, मोठमोठी शहरं. दूरदेशीचे श्रीमंत. आणि थोडं आमचंही. दादाचा पंप कोळशाच्या विजेवरच चालतो."

"म्हणजे माणसामुळेच."

"हो. माणसांमुळेच."

"पण माझ्या बापामुळे नाही."

"नाही सर. तुमच्या वडिलांमुळे पाऊस गेला नाही."

ते बराच वेळ पायाशी पडलेल्या निंबोळ्या एकीकडे सारत राहिले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "हे एवढं वाक्य त्याला कोणी सांगितलं असतं तर..." म्हणाले, आणि उठले.

पुढच्या सभेला ते रजा टाकून गेले. मला म्हणाले, "चला बेन, चुकलो तर मागून सांगा." सभेत त्यांनी आधी आपल्या लोकांकडे तोंड केलं आणि आपल्या बोलीत बोलले. मग पुढाऱ्याकडे वळून मराठीत.

"साहेब, तुमच्या मोबाइलमध्ये मी आहे, तो अर्धा आहे. पाऊस बदललाय. माणसांनी बदलवलाय. पण या बसलेल्या माणसांनी नाही. ज्यांनी काही जाळलं नाही, त्यांच्याच झऱ्याचं पाणी आधी गेलं. म्हणून टाक्या मागतायत, भीक मागत नाहीयेत. आणि माझा आवाज पुन्हा यांच्याविरुद्ध लावू नका."

जेमाबाई मागच्या बाजूला जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. पुढारी म्हणाला, "गुरुजी, नोंद घेतली." टाक्या आल्या, पण पुढचा उन्हाळा गेल्यावर, आणि सगळ्या पाड्यांना पुरल्या नाहीत. सरांच्या या भाषणाचाही व्हिडिओ निघाला होता. मीच काढला होता. शाळेच्या ग्रुपवर टाकला, गावच्या ग्रुपवर टाकला. दोन शिक्षकांनी अंगठा दाखवला. दादाने उघडलासुद्धा नाही.

जुना व्हिडिओ मात्र चालूच राहिला. सुरतकडे गेलेल्या मजुरांनी तो तिथून परत पाठवला, म्हणजे तिकडेही पोचला होता. तेव्हापासून सरांनी एक विचित्र कामच सुरू केलं. जिथे तो व्हिडिओ फिरत असल्याचं कळेल तिथे जायचं. स्वतः, एसटीने. पानाच्या टपरीवर, दूध डेअरीवर, कोणाच्या ओट्यावर. फोनवर सांगून लोक ऐकत नाहीत, म्हणायचे, तोंड दाखवावं लागतं.

कळसाडीलाही आले. दादाने त्यांना खाटेवर बसवलं, आग्रहाने जेवू घातलं, केळीचा घड बांधून दिला. आदरात काही कमी नाही. सरांनी सगळं समजावलं, पहिल्यापासून, मोळीवाल्या बाईपासून. दादाने शांतपणे ऐकलं. शेवटी जवळ सरकून, आवाज खाली आणून म्हणाला,

"गुरुजी, खरं सांगा. तुमले कोन्ही दम दिन्हा का?"

"कोणी दम नाही दिला, भाऊ. माझं चुकलं होतं."

"नही नही. पहिले तुम्ही मोकळा मनतून बोलनात. तेच खरं व्हतं." दादाने त्यांचा हात थोपटला. "काळजी करू नका. आम्ही समजी गयात."

फाटकापर्यंत सोडायला गेले, तेव्हा सर हसत होते, पण डोळे दमलेले होते. "एकदा टाळ्या घेतल्या ना बेन, की त्या परत करता येत नाहीत. दुकानदार घेतच नाही परत."

निवृत्तीनंतर सर पाड्यावर राहायला गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तळोद्याच्या जीप स्टँडवर. आषाढ निम्मा सरला होता आणि ऊन चैत्रासारखं होतं. ते जीपमध्ये पुढे, चालकाशेजारी बसले होते. चालक त्यांचा जुना विद्यार्थी. टपावर काळ्या पाइपचं भेंडोळं बांधलेलं होतं. वरच्या एका झऱ्याचं उरलंसुरलं पाणी वस्तीपर्यंत आणायचा खटाटोप चालला होता. चेहरा उतरला होता, मनगटं बारीक झाली होती. मी तब्येतीचं विचारलं, त्यांनी शाळेतल्या पंख्याचं विचारलं.

तेवढ्यात इस्त्रीच्या कपड्यातला, खताच्या कंपनीची बॅग खांद्याला लावलेला एक माणूस जीपजवळ थबकला.

"अरे! तुम्ही ते व्हिडिओवाले सर ना? काय बोललात सर! एकदम खरं! एक फोटो घेऊ?"

सरांनी फोटो घेऊ दिला. मग म्हणाले, "ते पूर्ण नव्हतं. पुढचं ऐका..."

"हो हो सर, सगळं खरं," म्हणत तो माणूस मागे जाऊन दाटीत बसला आणि तिथल्या लोकांना सांगू लागला, पुढे कोण बसलंय माहीत आहे का?

"सर, सोडा आता," मी म्हणाले. "किती जणांच्या मागे लागाल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक तेही तेच म्हणणार होते. क्षणभर सीटला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. मग दार उघडून खाली उतरले. खाली पाटी घेऊन उभ्या असलेल्या एका म्हातारीला हाताला धरून आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः मागे गेले. जागा नव्हती. लोक सरकले. सर त्या खतवाल्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले.

चालकाने जीप सुरू केली. धुरळ्यात मला एवढंच दिसलं, की त्या माणसाने आजूबाजूच्यांना दाखवायला मोबाइल बाहेर काढला होता, आणि सरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवून बोलायला सुरुवात केली होती.